दोन बेल

बोरिवली,
रविवार, रात्र

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर मला हे धड बोलता यायचं नाही म्हणून लिहायला बसलेय. गुरुवारी रात्री जे बोलले ते तोंडातून निघायलाच नको होतं. ‘तुमचं वय काय, वागता काय!’ असं मी माझ्या आईबापांना म्हणाले, तेही इतक्या जोरात की सई अभ्यास सोडून बाहेर आली. आई, तू गप्पच झालीस. बाबांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ते ‘बरं’ तीन दिवस कानातून जात नाहीये.

माझीही बाजू ऐका. साडेपाचपासून फोन लावत होते, दोघांचाही लागत नव्हता. परबमावशी म्हणाल्या, दाराला कुलूप आहे. जोशीकाकू म्हणाल्या, आईने अबोली साडी नेसली होती, म्हणजे दवाखाना नक्की नाही. (काकूंची ही तपासाची पद्धत पोलिसांनी शिकून घ्यावी.) तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी नऊला बाबांचा फोन लागला, मागे चौपाटीचा गलका, आणि बाबा म्हणतात, ‘कुल्फी खातोय गं, मग करतो.’ माझा पारा चढला तो तिथे.

नंतर सईला तुम्ही फोनवर सगळं सांगितलंत, ते तिने मला सांगितलं. मेट्रोने गिरगावहून थेट आरेपर्यंत गेलात आणि तिथे उतरून लगेच परत फिरलात. कामबिम काहीच नव्हतं! बाबा, त्या मेट्रोच्या खोदकामाला तुम्ही कित्येक वर्षं शिव्या घातल्यात. रस्त्यावरचे पत्रे, धूळ, रात्री भिंतींना बसणारे हादरे, सगळ्याचा हिशेब तुमच्याकडे होता. ‘पश्चिम रेल्वे असताना ह्या उंदराच्या बिळात जातो कोण’ हे तुमचंच वाक्य. आणि आता सईला ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं एकटं आरे जमिनीवर, असं पाठ करून दाखवता. प्लॅटफॉर्मलाही काचेची दारं बघून ‘मग पब्लिकने लटकायचं कुठे?’ असं तुम्ही म्हणालात आणि आई डब्यात तोंडाला पदर लावून हसत राहिली, हेही कळलं. सई हे सांगताना लोळत होती. मी मात्र फुगून बसले होते.

रात्री झोप येईना. आणि डोळ्यासमोर सारखी आपल्या चाळीची गॅलरी येत राहिली.

आई, गेल्या पावसाळ्यात तू मोरीत पडलीस, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तुला उभं केलं. मला सांगितलं, ह्या वयात हाडापेक्षा अंथरुणाची भीती जास्त. माणूस पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायातली ताकद बघता बघता जाते. मी सगळं वहीत लिहून घेतलं. वॉकर आणला, कमोडची खुर्ची आणली, फिजिओच्या बाई ठरवल्या, गोळ्यांच्या डबीवर वार लिहिले. करायचं ते सगळं केलं असं मला वाटत होतं. पण तू पलंगावरून हलेनास. ‘पुन्हा पडले तर?’ ह्यावर माझ्या वहीत उत्तर नव्हतं. बाईंच्या समोर चार पावलं टाकायचीस आणि त्या गेल्या की भिंतीकडे तोंड. केसही विंचरू द्यायची नाहीस. त्या दिवसांत तुला बघितलं की पोटात गोळा यायचा.

मग त्या शनिवारी मी आले, तर बाबा गॅलरीत खडूने काहीतरी लिहीत बसलेले. आपलं दार चर्चगेट. परबमावशींचं मरीन लाइन्स, जोशीकाकूंचं चर्नी रोड. तिथून ग्रँट रोड, बॉम्बे सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन आणि टोकाला नळापाशी दादर. (‘बाबा, प्रभादेवी म्हणा, २०१८ पासून नाव बदललंय’ असं मी म्हटलं, तर ‘माझ्या गाडीत एल्फिन्स्टनच’ म्हणालात.) मला वाटलं, झालं, आता बाबांकडेही बघावं लागणार.

तुम्ही आत गेलात, आईला वॉकर धरून उभं केलंत, मागे उभे राहिलात आणि स्टीलच्या पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवलंत. टण, टण. गार्डने दोन बेल दिल्या की मोटरमनने गाडी काढायची. सबंध नोकरी ज्या खुणेवर केलीत तीच. आई, तू इतक्या दिवसांनी मान वर केलीस आणि म्हणालीस, ‘सिग्नल तर बघू द्या.’

त्या दिवशी गाडी मरीन लाइन्सलाच रद्द झाली. पण झाली सुरू. आठवड्याने चर्नी रोड. वाडीतली पोरं आपणहून सामील झाली, कोणी शेंगदाणे विकायला यायचा, कोणी ‘उतरना है क्या?’ म्हणत वॉकरपुढे उभा राहायचा. परबमावशींना लोक अजूनही मरीन लाइन्स म्हणतात आणि त्यांना राग येत नाही. गणपतीच्या आधी तू दादर गाठलंस तेव्हा नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी बादल्या ठेवून टाळ्या वाजवल्या. आणि एक दिवस बाबांनी ‘पुढील स्टेशन मरीन लाइन्स’ म्हटल्यावर तू न थांबता म्हणालीस, ‘आज फास्ट आहे. बॉम्बे सेंट्रलशिवाय थांबणार नाही.’ मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्या चहा घेऊन उभ्या होत्या.

फिजिओच्या बाईंचं श्रेय मी काढून घेत नाही. त्यांनी शिकवलेले व्यायाम, ऑपरेशन, वॉकर हे नसतं तर नुसत्या चमच्याने काही झालं नसतं. पण तुझी भीती बाबांनी काढली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाट्टेल तो पोरकटपणा करायची त्यांची तयारी होती. सत्तरी ओलांडलेला माणूस भर चाळीत तोंडाने भोंगा वाजवतो! आणि तुलाही ते लाजिरवाणं वाटलं नाही.

हे तुमचं जुनंच आहे, मी उशिरा ओळखलं एवढंच. चौथीत असताना सुट्टीत आई मला घेऊन चर्नी रोडला जायची. बाबांची स्लो गाडी यायची, आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभ्या. वीस-तीस सेकंदांचा थांबा. आई भरलेला डबा द्यायची, कालचा रिकामा घ्यायची. त्या रिकाम्या डब्यात कधी सोनचाफ्याची दोन फुलं असायची, कधी लिमलेटची गोळी. गोळी मला मिळायची, चाफा नाही. बाबा गणवेशात एकदम गंभीर, झेंडा काखेत, आणि गाडी हलता हलता आईकडे बघून एक भुवई उडवायचे. मला वाटायचं, त्यांच्या डोळ्यात काहीतरी गेलंय.

असो. गुरुवारचं चुकलं, माफ करा. तुम्ही पडाल, हरवाल, ही धास्ती काही माझी सुटणार नाही, ती पत्र लिहून जाण्यातली नाही. पण तुमच्या मागे पेला वाजवायच्या ऐवजी मी सारखी साखळी ओढत होते, हे मला कळलं. यापुढे कुठेही जा. निघताना सईला एक ओळ टाका, मला नको, मी प्रश्न विचारत बसेन. आणि आई, काठीचं रबर झिजलंय, ते तेवढं बदलून घे. कुल्फीवर मी काहीच म्हणत नाही. बाबांच्या साखरेचा रिपोर्ट म्हणेल काय ते.

आता एक काम. येत्या शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, दोघं बोरिवलीला या. टॅक्सीने नाही, गाडीने. चर्नी रोडहून स्लो पकडा, आईला बसायला मिळेल. बाबा, तुम्ही गार्डच्या लगतच्या डब्यात बसणार हे ठरलेलंच आहे, म्हणून मी प्लॅटफॉर्मच्या चर्चगेटकडच्या टोकाला डबा घेऊन उभी राहते. वालाचं बिरडं आणि भात आहे. बोरिवलीची लोकल बोरिवलीलाच संपते, तेव्हा सावकाश उतरा. आणि कालचा रिकामा डबा नाहीये तुमच्याकडे, तरी चाफा मिळाला तर या वेळी तो मला हवाय.

तुमची,
पमी