मंडळी गात का नाही?

तरुण यावेत म्हणून चर्चमध्ये कीबोर्ड, ड्रम, पडदा आले, चांगलेच झाले. पण पट्टी (गाण्याचा ‘सा’) मुख्य गायकाच्या गळ्याची! पांढरी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या पांढऱ्या सुरावर ‘सा’ धरून) चाल तार रिषभाला, म्हणजे वरच्या ‘रे’ला गेली, की मागच्या बाकावरच्या आज्या गप्प होतात. तीच चाल काळी एकला (पहिल्या काळ्या सुरावर) उतरवा, बहुतेकांना पेलेल. पडद्यावर चारच ओळी द्या आणि शेवटची ओळ सुरू होतानाच पुढचे कडवे लावा. उशीर झाला की पहिला शब्दच हुकतो. दगडी इमारतीत आवाज घुमतो. तिथे वेदीजवळचे दोन मोठे स्पीकर वाढवले, तर उपदेशाचा शब्द कळत नाही. लहान स्पीकर बाकांजवळ, किंचित खाली वळवून लावा. आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या अभंगांना ड्रम कशाला? टाळ-पेटी पुरते.

– एक वाचक, कोल्हापूर