विमानातील आगीविषयीच्या सूचना प्रवाशांना मराठीतून द्याव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून होटगी रस्त्यावरच्या आपल्या सोलापूर विमानतळावर पहिल्यांदाच विमानात बसणारी अनेक कुटुंबे दिसू लागली आहेत. भाडे, वेळापत्रक, फेऱ्या यांविषयी आपल्या स्तंभातून पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र अशा विषयाकडे लक्ष वेधायचे आहे, जो प्रवासाला निघताना कोणालाच नको असतो. विमान हवेत असताना केबिनमध्ये धूर झाला तर कर्मचारी काय करतात आणि त्या वेळी प्रवाशाकडून त्यांना काय अपेक्षित असते, हा तो विषय. माझी भाची एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. तिच्याकडून प्रशिक्षणाविषयी ऐकल्यापासून ही माहिती सोलापूरकर प्रवाशांपर्यंत पोहोचली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

धूर माणसाच्या सुटकेची वाट कशी अडवतो, हे मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गमावलेल्या या शहराला नव्याने सांगायला नको. जमिनीवर निदान बाहेर धावता येते, बंब बोलावता येतो. आकाशात हे दोन्ही मार्ग बंद असतात आणि हातात असतात ती मोजकी मिनिटे. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या विमानात कॉकपिटमध्ये प्रथम वास आला, तेव्हापासून ते कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळेपर्यंत जेमतेम एकवीस मिनिटे गेली आणि २२९ जण मृत्युमुखी पडले. छतावरच्या पोकळीतील वायरिंगमध्ये ठिणगी पडून इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला होता. धुराचे मूळ शोधण्यासाठी वैमानिकांना दिलेली तपासणी यादी पूर्ण करायलाच त्या काळी वीस ते तीस मिनिटे लागू शकत होती, ही चौकशीतून पुढे आलेली गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. आता वैमानिक आधी स्वतः प्राणवायूचे मास्क चढवतात, मास्कमधून एकमेकांचे बोलणे ऐकू येते याची खात्री करतात आणि धुराचे कारण तत्काळ सापडून तो थांबला नाही तर शोध घेत न बसता जवळच्या विमानतळाकडे विमान वळवतात.

केबिनमधील कामाची विभागणीही ठरलेली असते. ज्या कर्मचाऱ्याला आग प्रथम दिसते तो अग्निशामक नळकांडे घेऊन तिच्याशी झुंजतो, दुसरा इंटरकॉमवरून वैमानिकाला धुराचा रंग, वास आणि जागा सांगत राहतो, तिसरा जादा नळकांडी आणून देतो आणि आसपासच्या प्रवाशांना हलवतो. स्वच्छतागृहातून धूर येत असेल तर दार सरळ उघडायचे नाही, हे भाचीकडून पुन्हा पुन्हा करून घेतले गेले. हाताची मागची बाजू दाराजवळ धरून ते खालून वर किती तापले आहे हे आधी पाहायचे, रबरी गळपट्टीचा धूररोधक टोप डोक्यावर ओढायचा, खाली वाकून दार नळकांड्याचे तोंड जाईल इतकेच किलकिले करायचे, नळकांड्यातला आग विझवणारा हॅलॉन वायू आत सोडायचा आणि दार पुन्हा लावून घ्यायचे. दार सताड उघडले की आगीला हवा मिळते आणि धूर केबिनभर पसरतो. या शिस्तीमागे जीवांची किंमत आहे. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात मागच्या स्वच्छतागृहातून धूर येऊ लागला. वैमानिकांनी विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरवले, परंतु दारे उघडल्यानंतर साधारण दीड मिनिटाच्या आत केबिनने एकदम पेट घेतला आणि ४६ पैकी २३ जण बाहेर येऊ शकले नाहीत. स्वच्छतागृहातील धूरसूचक यंत्र आणि जमिनीलगतचे वाट दाखवणारे दिवे त्या दुर्घटनेनंतर सक्तीचे झाले.

आता धोक्याचे स्वरूप बदलले आहे आणि तो आपल्या खिशातून विमानात चढतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसानजवळच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग सुरू झाली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. सर्व १७६ जण बचावले, विमान मात्र जळाले. लिथियम बॅटरीची आग कापसाच्या गाठीतल्या आगीसारखी असते, वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. म्हणून कर्मचारी हॅलॉनने ज्वाला दाबल्यावर थांबत नाहीत. पाणी किंवा हाताशी असेल ते मद्यविरहित पेय ओतून बॅटरी थंड करत राहतात. तिच्यावर बर्फ टाकणे किंवा तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळणे चुकीचे आहे, कारण त्याने उष्णता आतच कोंडते. मोबाईल आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नका, असे सांगितले जाते तेही याचसाठी. यंत्रणेत चेपला गेलेला मोबाईल पेट घेऊ शकतो.

सोलापूरच्या प्रवाशांसाठी यात एक वेगळा मुद्दा आहे. आपल्याकडे नियमानुसार दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागतो. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या लहान विमानात दोघेच असतात आणि वर सांगितलेली तीन माणसांची कामे त्या दोघांना करावी लागतात. अशा वेळी खिशातली वस्तू तापली, जळका वास आला, कप्प्यातून धुराची रेषा दिसली तर ते तत्क्षणी सांगणारा प्रवासी हाच त्यांचा तिसरा हात असतो. आपलीच वस्तू आहे, लोक काय म्हणतील, दंड होईल, या भीतीने गप्प बसणे सर्वांच्या जिवावर बेतू शकते.

धूर झाल्यावर वरचे प्राणवायूचे मास्क का सोडत नाहीत, म्हणून काही प्रवासी कर्मचाऱ्यांवर ओरडतात. त्या मास्कमधून प्राणवायूबरोबर केबिनमधली हवाही ओढली जाते, त्यामुळे धुरापासून बचाव होत नाही, उलट सुटलेला प्राणवायू आग भडकवू शकतो. ओला रुमाल नाकातोंडावर धरून खाली वाकणे हेच त्या वेळी उपयोगाचे. बाहेर पडताना बॅग घेऊ नये, हेही कोणी मनावर घेत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवर टक्कर होऊन पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले, यात कर्मचाऱ्यांचे सांगणे ऐकून सामान मागे सोडणाऱ्या प्रवाशांचा वाटा फार मोठा होता.

माझी विनंती अशी की, सोलापुरातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानात सुरक्षेच्या सूचना मराठीतूनही सांगितल्या जाव्यात. हिंदी-इंग्रजीची सवय नसलेले, गोव्याला किंवा मुंबईला मुलाबाळांकडे निघालेले आपले वयस्कर प्रवासी त्या वेळी नुसते मान डोलावतात. सामान तपासणीच्या ठिकाणी ठळक मराठी अक्षरांत फलक हवा की, पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नये, ती हातातल्या बॅगेत ठेवावी, १०० वॅट-अवरपर्यंतचीच (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) परवानगीशिवाय चालते आणि फुगलेली किंवा तडा गेलेली घरीच ठेवावी. साधारण २० हजार एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची असते, हा हिशेबही फलकावर दिल्यास रांगेतील बरेच वाद टळतील. विमानतळ प्रशासनाने आणि येथून सेवा देणाऱ्या कंपन्यांनी दिवाळीच्या गर्दीआधी हे करावे आणि आपल्या वृत्तपत्राने ते झाले की नाही याची विचारणा करावी.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर