क्रूझ प्रवाशांच्या गाडीला पूर्ण पत्ता द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईच्या बंदरातून पर्यटक जहाजाने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांत आता आमच्यासारखी विदर्भातली, मराठवाड्यातली माणसेही दिसू लागली आहेत. ही मंडळी विमानाने मुंबईत येतात आणि तेथून थेट धक्क्यावर जातात. विमान कंपनीचे काम विमानतळाच्या दारात संपते, जहाज कंपनीचे काम बंदराच्या फाटकात सुरू होते, आणि मधल्या पंचवीसएक किलोमीटरसाठी प्रवासी इंटरनेटवरून एखादी खासगी गाडी आगाऊ ठरवतो. या मधल्या टप्प्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही, हे या जानेवारीत आम्ही अनुभवले आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. पत्ता अपुरा असला की पत्राचे काय होते, हे मी रोज पाहिले आहे. प्रवासाला मी, माझे पती आणि दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या ७४ वर्षांच्या माझ्या नणंदबाई असे तिघे होतो. जहाज संध्याकाळी ५ वाजता सुटणार होते, पण तिकिटावर लिहिले होते की चेक-इन दुपारी ३ वाजता बंद होईल. नागपूरचे विमान १२ वाजून १० मिनिटांनी उतरणार होते. गाडी मी पंधरा दिवस आधी एका संकेतस्थळावर आरक्षित केली, पैसे पूर्ण भरले आणि हाती आलेले व्हाउचर छापून पर्समध्ये ठेवले. त्या व्हाउचरवर ‘मुंबई विमानतळ ते मुंबई क्रूझ टर्मिनल’ एवढाच मजकूर होता. टपाल खात्यात आयुष्य काढलेल्या बाईच्या लक्षात तेव्हाच यायला हवे होते की हा पत्ता नाही. ते माझ्या लक्षात आले नाही, याची मला खंत आहे.

आम्ही सहारच्या टर्मिनल २ वर उतरलो. चालक सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर आमची वाट पाहत होता. बरेच लोक देशांतर्गत विमान म्हटले की टर्मिनल १ धरून चालतात, परंतु अनेक देशांतर्गत विमाने टर्मिनल २ वर येतात, आणि दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली तरी त्यांच्यातले अंतर पायी जाण्याजोगे नाही. फोनवर एकमेकांना खुणा सांगण्यात आणि गाडी तिकडून इकडे येण्यात पाऊण तास गेला. बहुमजली वाहनतळात गाडीपर्यंत पोहोचायला १ वाजून २५ मिनिटे झाली. पुढे सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि पूर्व मुक्त मार्ग असा प्रवास चांगला झाला आणि आम्ही निःशंक झालो, तोच गाडी थांबली ती भाऊच्या धक्क्याजवळ.

तेथे जहाज नव्हते. मांडव्याला वाहने घेऊन जाणाऱ्या रो-रो बोटीची रांग होती आणि पलीकडे मासळीच्या टोपल्या उतरवल्या जात होत्या. व्हीलचेअर खाली काढून आम्ही तिच्यात नणंदबाईंना बसवलेही होते. टोपली डोक्यावर घेऊन निघालेल्या एका कोळीणबाईंनी आमच्या बॅगांकडे पाहिले आणि न विचारताच सांगितले, “मोठं जहाज हिथं नाय लागत, बॅलार्ड पिअरला जावा.” चालकाच्या नकाशात ‘क्रूझ टर्मिनल’ शोधल्यावर पहिला पर्याय हाच आला होता, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही. २०१८ साली सुरू झालेल्या मुंबई-गोवा जहाजसेवेसाठी माझगावच्या याच बाजूला देशांतर्गत क्रूझ टर्मिनल उभे राहिले होते. आता मोठी पर्यटक जहाजे इंदिरा डॉकमध्ये, बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला लागतात. नाव सारखे आणि ठिकाणे दोन, मध्ये पी. डिमेलो मार्गावरची मालवाहू वाहनांची गर्दी.

बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेट या फाटकाला आम्ही २ वाजून ५० मिनिटांनी पोहोचलो. फाटकावरच्या जवानाने ओळखपत्रे आणि तिकिटे तपासली, नणंदबाईंची खुर्ची स्वतः ढकलत आत नेली आणि आम्ही जहाजावर चढलो. आमच्यामागून सव्वातीनच्या सुमारास आलेले एक वयस्कर जोडपे मात्र चढू शकले नाही. जहाज सुटायला पावणेदोन तास बाकी होते, ते समोर धक्क्याला बांधलेले दिसत होते, पण प्रवाशांची यादी बंद झालेली होती. ते गृहस्थ काउंटरवर हातातला मोबाइल पुढे करून गाडीची वेळ दाखवत होते आणि त्यांची पत्नी दोन्ही बॅगांवर हात ठेवून उभी होती. यादी बंद करण्याचा नियम सुरक्षेसाठी आहे आणि तो योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दोघांचे संपूर्ण सहलीचे पैसे गेले, ते गाडीच्या आरक्षणात कोणीतरी नीट न लिहिलेल्या एका ओळीमुळे गेले असतील, अशी शंका मला तेव्हा आली आणि अजून आहे.

या सगळ्यात चालकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तो पंचविशीतला, अत्यंत सभ्य मुलगा होता. भाऊच्या धक्क्यावरून निघताना त्याने मला आपला मोबाइल दाखवला. त्यात एकामागून एक पुढे ढकललेला संदेश होता: “क्रूझ ड्रॉप, ३ पॅक्स (म्हणजे प्रवासी), एअरपोर्ट पावणेएक.” मी संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक भरला होता, व्हीलचेअर असल्याचे नोंदवले होते, जहाजाचे नाव आणि चेक-इनची वेळही लिहिली होती. संकेतस्थळाने ते काम मुंबईतल्या एका ट्रॅव्हल एजंटाला दिले, एजंटाने गाड्यांच्या मालकाला दिले, मालकाने चालकाला दिले आणि प्रत्येक हातात माहितीतला एकेक तुकडा गळून पडला. विमानाचा क्रमांक गळाला तेव्हा टर्मिनल चुकले, जहाजाचे नाव गळाले तेव्हा धक्का चुकला. आमच्या खात्यात पत्र कितीही हातांतून गेले तरी पाकिटावरचा पत्ता शेवटच्या पोस्टमनपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. येथे पाकीटच दर टप्प्यावर बदलले जाते.

पिनकोडची गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या यांमुळे होणारा घोळ संपवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. सहा आकड्यांनी देशातला केवढा गोंधळ मिटला! मुंबईच्या बंदराला तर आकड्यांचीही गरज नाही, तेथे फाटकांना रंगांची नावे आधीपासूनच आहेत: ग्रीन, रेड, यलो, ऑरेंज. जहाजाच्या तिकिटावर आणि गाडीच्या व्हाउचरवर ‘इंदिरा डॉक, बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ एवढे शब्द असते, तर मुंबईत पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्या माणसानेही आम्हाला वेळेत पोहोचवले असते.

आणखी एक गोष्ट. याच बॅलार्ड पिअरवर एके काळी रेल्वे थेट धक्क्यापर्यंत येत असे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल तेथल्या मोल स्थानकातून सुटत असे, आणि विलायतेहून आलेली डाक व प्रवासी बोटीतून उतरून तेथेच गाडीत चढत. बोटीच्या वेळेची आणि गाडीच्या वेळेची सांगड कोणी तरी घालत होते, म्हणून ते शक्य होते. आज त्याच जागी भव्य टर्मिनल उभे आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि वर्षाला १० लाख प्रवाशांची त्याची क्षमता असल्याचे सांगितले जाते. इमारत पाहून मला अभिमान वाटला, हे मनापासून लिहिते. पण दहा लाख माणसे तेथे कशी पोहोचणार, याचा विचार इमारतीच्या दाराशी थांबून चालणार नाही.

हा विचार आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण मुंबईला २५ डिसेंबर २०२५ पासून दुसरा विमानतळ मिळाला आहे. नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला अटल सेतूने शिवडीला येऊन पूर्व मुक्त मार्गाने खाली यावे लागते, तर सहारहून येणाऱ्याला एक तर आम्ही आलो तो रस्ता, किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि किनारी रस्ता धरून मरीन ड्राइव्हमार्गे फोर्टात यावे लागते. ‘मुंबई विमानतळ’ असे नुसते लिहिलेले व्हाउचर यापुढे गाडी खाडीच्या अलीकडे पाठवील की पलीकडे, हे सांगता येणार नाही. टर्मिनल चुकले तेव्हा आमचा पाऊण तास गेला, विमानतळच चुकला तर जहाज गेलेच म्हणून समजावे. भुयारी मेट्रो आता सहारच्या टर्मिनल २ पासून सीएसएमटीपर्यंत थेट जाते आणि एकट्यादुकट्या, हलके सामान असलेल्या प्रवाशाने तिचाच विचार करावा, असे मी म्हणेन. पण स्थानकापासून बॅलार्ड पिअरपर्यंतचे किलोमीटरभराहून अधिक अंतर बॅगा आणि व्हीलचेअर घेऊन पार करणे ज्येष्ठांना शक्य नाही, म्हणून खासगी गाडीची गरज राहणारच.

यावर उपाय अवघड नाहीत. बार्सिलोनाच्या विमानतळावरून तेथल्या क्रूझ धक्क्यापर्यंत टॅक्सीचा दर ठरवून दिलेला आहे, मायामीतही तशी पद्धत आहे. मुंबईच्या विमानतळांवर प्रीपेड टॅक्सीची खिडकी असतेच. बंदर प्राधिकरण, विमानतळ चालवणाऱ्या कंपन्या आणि परिवहन विभाग यांनी मिळून ऑक्टोबर ते मे या हंगामात, जहाज सुटण्याच्या दिवशी, ‘क्रूझ टर्मिनल, ग्रीन गेट’ असा स्वतंत्र ठरावीक दर तेथे लावावा आणि पाटी मराठीतही असावी. जहाज कंपन्यांनी तिकिटावर फाटकाचे नाव, नकाशातले नेमके ठिकाण आणि चेक-इन बंद होण्याची वेळ मोठ्या अक्षरांत, पहिल्याच पानावर छापावी. आमच्या तिकिटावर सुटण्याची वेळ ठळक होती आणि चेक-इनची वेळ खाली बारीक टायपात होती. गाडी आरक्षित करणारे लोक ठळक वेळेवरून हिशेब करतात.

गाडी देणाऱ्या संकेतस्थळांना मात्र विनंती पुरेशी नाही. राज्य सरकारने ॲपवरून टॅक्सी देणाऱ्या कंपन्यांसाठी धोरण आणले, त्यात फेरी रद्द करणाऱ्या चालकाला दंडाची तरतूद केली, हे चांगलेच झाले. तथापि येथे कोणी फेरी रद्द केली नव्हती. माहिती वाटेत गळाली होती आणि ती गाळणाऱ्या मधल्या हातांना त्या धोरणाचा धाक वाटावा असे काही मला दिसत नाही. ज्याने पैसे घेतले त्यानेच शेवटच्या चालकापर्यंतची जबाबदारी घ्यावी, आणि चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, टर्मिनल व फाटक हे सर्व आदल्या संध्याकाळपर्यंत प्रवाशाला लेखी कळवावे, असे बंधन घातले गेले पाहिजे.

तोवर प्रवाशांनी काय करावे, तर मी जे केले नाही ते करावे. आदल्या दिवशी चालकाशी स्वतः बोलावे आणि त्याच्याकडून टर्मिनल व फाटक वदवून घ्यावे. आपण सांगून त्याने ‘हो’ म्हणणे वेगळे. प्रतीक्षेचा वेळ किती मोफत आहे आणि तो विमान उतरल्यापासून मोजतात की ठरलेल्या वेळेपासून, टोल आणि वाहनतळाचे शुल्क भाड्यात आहे की नाही, हे विचारून घ्यावे. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असते, विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी आली तर बसू नये. जहाज दुपारचे असेल तर शक्यतो आदल्या रात्रीच मुंबईत यावे. एका रात्रीचा खर्च होतो, पण विमानाला तासभर उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही.

मी परत आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. पोच वेळेत मिळाली. कंपनीने चालकाच्या प्रतीक्षेचे म्हणून घेतलेले पैसे परत केले आणि कळवले की चालकाला व्हाउचरप्रमाणे योग्य ठिकाणीच पाठवण्यात आले होते. व्हाउचर पाहता ते खरेच आहे. तेच व्हाउचर आज, हे पत्र लिहिण्यापूर्वी, मी त्या संकेतस्थळावर पुन्हा तपासून पाहिले. मजकूर अजूनही ‘मुंबई विमानतळ ते मुंबई क्रूझ टर्मिनल’ असाच आहे. पावसाळ्यात ही जहाजे मुंबईहून सुटत नाहीत, पुढचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होईल, आणि तिकिटावर व व्हाउचरवर एक ओळ वाढवायला एवढा अवधी पुरेसा आहे.

आपली विश्वासू,
टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, नागपूर