अकराव्या दिवसानंतर : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. स्कूटीच्या डिकीत कोन मोजायची पट्टी, दोन रबरी पट्टे आणि एक वही असते. वहीत गुडघे असतात. कुणाचा किती वाकला, कुणाचा अजून सरळ होत नाही, कोण कितव्या दिवशी वॉकर सोडून काठीवर आलं. या वहीनेच हे पत्र लिहायला लावलं.

किसननगरमधल्या एका काकूंचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून झाली, पदरचे पैसे गेले नाहीत, एक्स-रे तर बघत राहावा असा. पाचव्या दिवशी मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं, कारण इमारतीला लिफ्ट नाही. त्यानंतर दोन महिने काकू खाली उतरल्याच नाहीत. मला बोलावलं तेव्हा गुडघा ७० अंशांवर अडकला होता. खुर्चीतून धड उठायचं तरी ९०च्या पुढे जावं लागतं, जिन्याचंही तेच. ‘ताई, ऑपरेशन फसलं का हो माझं?’ त्यांनी विचारलं. फसलं नव्हतं. घरी पाठवताना हातात इंग्रजीतला व्यायामाचा कागद दिला होता, तो देवघरातल्या खणात नीट घडी करून ठेवलेला सापडला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्ण घरी गेल्यानंतरचे १० दिवस धरलेले असतात. सांधेबदलाचे टाके निघतात शस्त्रक्रियेनंतर १० ते १४ दिवसांनी. म्हणजे टाके निघतात न निघतात तोच सरकारचा आणि त्या गुडघ्याचा संबंध संपतो. आमचं काम तर तिथून सुरू होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याच्या आसपास घसरते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ती भरून यायला महिने लागतात आणि नुसतं घरात फिरून ती येत नाही. (लोक म्हणतात ‘वाटी बदलली’. खरं तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची गादी. वाटी पुष्कळदा आहे तीच राहते. स्नायू तर सगळेच जुने.)

शस्त्रक्रियेविरुद्ध माझी काही तक्रार नाही. वर्षानुवर्षं रात्री कण्हत झोपणारी माणसं मी सहा महिन्यांत तलावपाळीला फेऱ्या मारताना पाहिली आहेत. पण परदेशातल्या अभ्यासांत गुडघा बदललेल्यांपैकी पाचातला जवळपास एक जण पुरता समाधानी नसतो. आपल्याकडे पाचातले किती? ते कळायचं तर आधी विचारावं लागेल.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००९पासून सरकारी खर्चाने सांधा बदलणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी प्रश्नावली देतात. गुडघ्यासाठी १२ प्रश्न : रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने जमतो का. गुडघे टेकून परत उठता येतं का, हेही आहे. मांडी घालून बसता येतं का, हे नाही. भारतीय पद्धतीचा संडास, एसटीची पहिली पायरी, पंगत, हळदीकुंकवाची सतरंजी, नमाज, भिवंडीकडच्या बायकांची भातलावणी हे त्यात कुठून येणार? आमचे रुग्ण तर पहिल्याच दिवशी हे विचारतात. उकिडवं बसायला गुडघा १३० अंशांच्या वर वाकावा लागतो, आणि बदललेल्या गुडघ्याला डॉक्टर ते सहसा करू देत नाहीत. ज्याच्या चाळीत सामाईक संडास आहे त्याने काय करायचं, हे मात्र कागदावर नसतं.

दुसरा प्रश्न नोंदीचा. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. ऑस्ट्रेलियात तो त्याआधीच, डिसेंबर २००९मध्ये, बाजारातून निघाला होता, कारण तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत तो लवकर बदलावा लागतोय हे दिसलं होतं. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला तेव्हा त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागलेला नव्हता. आपल्याकडे शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेची. ज्याला भरायची तो भरतो.

इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर आजही रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतात. ती फाइल गोदामात जाते. तोच नंबर योजनेच्या दाव्याबरोबर एका ठिकाणी नोंदला आणि खासगी रुग्णालयांनाही ते बंधनकारक केलं, तर नवं काही शोधून काढायचं नाही. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपयांवर आणली. किंमत ठरवता येते तर नोंद का ठेवता येऊ नये?

आणि सहा महिन्यांनी, वर्षाने विचारणार कोण? योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रुग्णाचा मोबाइल नंबर असतो. दोन फोन. पाच मिनिटांचे.

संशोधनाला पैसा नाही, हे उत्तर मला अपुरं वाटतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यभरातले अस्थिरोगाचे आणि फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. मीही लिहिला होता : ३० रुग्ण, तीन महिने, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. तो वाचणाऱ्या शेवटच्या माणसाने मला मार्क दिले. त्याच विषयावर शेजारच्या कॉलेजात दुसरी मुलगी वेगळे प्रश्न विचारत होती, त्यामुळे तिचे ३० आणि माझे ३० कधी ६० झाले नाहीत. कळव्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी एकच मराठी प्रश्नावली, एकाच मुदतीला वापरायची, एवढा नियम आपण आणि वैद्यकीय शिक्षण खात्याने मिळून केलात तर दोन-तीन वर्षांत हजारो गुडघे एका तक्त्यात येतील. अर्थात रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊनच.

तोवर प्रत्येक ‘आपला दवाखान्या’त आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला खाली आणणं हे त्याचं पहिलं काम असू द्या.

काकूंचा गुडघा आता १०५वर आहे. जिना त्या एक-एक पायरी करत उतरतात, कठड्याला धरून. परवा त्यांनी विचारलं की गौरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर खाली बसू की टेबल मांडायला सांगू. मी टेबल म्हटलं. खाली बसणाऱ्या बायकांचे बदललेले गुडघे पाच वर्षांनी कसे आहेत, हे मला कुठल्याही तक्त्यात बघता आलं नाही. प्रश्नावलीसाठी माझ्याकडे असे २२ प्रश्न तयार आहेत, सगळे रुग्णांनीच विचारलेले. आपल्या कार्यालयाने कळवलं तर वहीसकट घेऊन येईन.

आपली नम्र,
ठाण्यातली एक फिजिओथेरपिस्ट