कावळ्याची बाजू

कोथरूड, पुणे
२ मे

प्रिय विन्या,

परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "कावळा शिवला नाही, म्हणजे आईचं काय राहिलं असेल रे?" आणि मी "अरे, तसं काही नसतं" म्हणून आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा विषय काढला. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. तीस वर्षं गाईम्हशींच्या शेपटीमागे उभा राहून पोट भरणारा माणूस मी. जिवाभावाचा मित्र कावळ्याबद्दल विचारतो आणि मी त्याला टँकरचे दर सांगतो! म्हणून हे पत्र. बोलायला गेलो असतो तर मध्येच तू गप्प झाला असतास, मग मीही.

धर्माचं मी काही सांगणार नाही. त्यातलं मला कळत नाही. मला फक्त कावळ्याची बाजू मांडायची आहे. त्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर सगळे तुझ्या बाजूनं होते. गुरुजी होते, मामा होते, वाड्यातली जुनी बिऱ्हाडं होती. त्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

पण आधी एका गाईचं ऐक.

मुळशीकडच्या एका गोठ्यातून फोन आला होता. "डॉक्टर, गाय पान्हा चोरायला लागलीय, इंजेक्शन घेऊनच या." गेलो. रोज धार काढणारे आजोबा डेंग्यूनं आडवे झालेले, त्यांच्या जागी पुतण्या आलेला. अंगावर सेंटचा घमघमाट, खिशातल्या मोबाइलवर गाणी, आणि गाय जरा हलली की पाठीवर थाप. चार दिवसांत दूध निम्म्यावर आलं होतं.

आपल्या भाषेनं त्या गाईला सरळ चोर ठरवलंय बघ. कासेत दूध तयार असतं, पण ते बारीक बारीक पोकळ्यांत अडकून बसलेलं असतं. वासरू लुचलं, ओळखीचा हात फिरला, नुसती बादली खडखडली, तरी मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. मिनिटभरात ते कासेत पोचतं, पोकळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली येतं. हा पान्हा. टिकतो जेमतेम पाच-सात मिनिटं. पण गाय बिचकलेली असेल तर अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावरचं संप्रेरक, सुटतं. कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिटोसिन नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी स्नायू त्याला दाद देत नाहीत. चोरी कसली? तिनं द्यायचं म्हटलं तरी तिला ते दूध देता येत नाही.

इंजेक्शन मी दिलं नाही. पुतण्याला आजोबांचा न धुतलेला सदरा घालायला लावला, मोबाइल घरात ठेवायला सांगितला आणि म्हटलं, आधी दोन दिवस हिला नुसतं खाजव. तो माझ्याकडे बघत राहिला, डॉक्टर खरा आहे ना म्हणून. तिसऱ्या दिवशी दूध बऱ्यापैकी वर आलं. (फी मागताना जरा लाज वाटली, पण मागितली.)

हे तुला एवढं सविस्तर सांगतोय, कारण भीती ही फक्त मनात नसते. ती आधी पोटात उतरते. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा एक जण विद्यार्थी असताना, म्हणजे १८९० च्या दशकाच्या अखेरीस, मांजरांना क्ष-किरणांत उठून दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवून क्ष-किरणांखाली त्यांचं पोट बघत बसायचा. त्याला पचन बघायचं होतं. पण मांजर घाबरलं, वैतागलं, की पोटाची हालचाल जागच्या जागी थांबायची. ते शांत झालं की पुन्हा सुरू. ज्या शरीराला आता पळायचं आहे ते जेवणावर रक्त खर्च करत नाही. ते रक्त स्नायूंकडे जातं. आम्ही गोठ्यात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न काय विचारतो? "रवंथ करते का?" गाईच्या डोळ्यांतलं मला अजून कळत नाही, पण तिचा जबडा हलतोय की नाही यावरून निम्मं निदान होतं.

आता घाटावर ये.

तू म्हणालास, तो समोरच्या भिंतीवर चोच उघडी ठेवून बसला होता, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. विन्या, एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, साडेअकरा वाजून गेले होते. घाटाच्या फरशीवर अनवाणी उभं राहून तुझ्या मामांचं पाय बदलणं चाललं होतं, आठवतंय ना? पक्ष्याला घामाच्या ग्रंथीच नसतात. त्यांचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास, त्यात वर काळी पिसं. उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडी ठेवून भराभर श्वास घ्यायचा, म्हणजे आतली ओल वाफ होऊन जाते आणि रक्त थंडावतं. कुत्रं जीभ बाहेर काढून धापतं, तेच हे. त्याला सांगायचं काही नव्हतं. त्याला उकडत होतं.

मग तू म्हणालास, मान वाकडी करून तो नेमका माझ्याकडेच बघत होता. बघत असणारच. आपल्याकडे कावळा एकाक्ष, एकच बुबुळ दोन्ही खोबणींत फिरवतो असं म्हणतात. कावळा होऊन सीतेला टोचणाऱ्या जयंताचा रामानं एक डोळा फोडला, ती गोष्ट काकूच, म्हणजे तुझी आईच, सांगायच्या आपल्याला, माळवदावर, अंथरुणं घातल्यावर. डोळे त्याचे दोन्ही शाबूत असतात, पण ते डोक्याच्या बाजूंना. एखादी गोष्ट नीट निरखायची तर मान कलती करून एक डोळा तिच्यावर रोखावा लागतो. तो तुला निरखत होता. का, ते सांगतो.

सिएटलमध्ये जॉन मार्झलफ नावाचे प्राध्यापक आहेत. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गुहामानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायांत कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारात हिंडलं की कावळे अंगावर कावकाव करत यायचे. वर्षं गेली तरी ओरडणारे वाढतच गेले, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. म्हणजे कावळा चेहरा लक्षात ठेवतो आणि इतरांनाही कळवतो. तिथल्याच कावळ्यांवर पुढे आणखी एक गोष्ट दिसली. माणूस सरळ त्यांच्याकडे बघत आला तर ते लवकर उडतात, दुसरीकडे बघत आला तर त्याला जवळ येऊ देतात.

आणि हे कळायला सिएटल कशाला हवं? आपल्या गरवारे महाविद्यालयातल्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर, त्या माश्या टिपणाऱ्या हिरव्या पक्ष्यावर, काम केलं, २००२ मध्ये ते छापून आलं. वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. माणूस अशा जागी उभा असला की जिथून बीळ दिसतं, तर राघू घरट्यात शिरायला कचरतो, तारेवर ताटकळत बसतो. माणूस तिथेच आसपास, पण मध्ये आडोसा असल्यानं त्याला बीळ दिसत नसेल, तर राघू बिनधास्त आत जातो. म्हणजे "मला माणूस दिसतोय" एवढंच तो बघत नाही, "माणसाला काय दिसतंय" हेही बघतो. आणि याचं नाव आपण वेडा ठेवलंय! भाषा मला फार आवडते, पण जनावरांच्या बाबतीत ती पंचनामा न करता निकाल देते.

आता त्या कावळ्याच्या जागेवरून आपल्याकडे बघ. मोजले नाहीत, पण आपण तीसेक जण होतो. सगळे उभे, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तुझ्या दोन भाच्यांनी मोबाइल वर धरलेले. मामा दोन्ही हात हलवत ओरडतायत, "ताई, नातीचं लग्न आम्ही थाटात करू गं!" मग मावशी, "तुझ्या पाटल्या धाकटीलाच देऊ!" मग पुन्हा मामा, वरच्या पट्टीत. अरे, तो कावळा आहे. आणि त्यातून पुण्यातला, दगड खाऊन शहाणा झालेला. तीस माणसं एकटक बघतायत, हात उगारतायत, मध्ये भाताचा गोळा ठेवलाय, याचा अर्थ त्याच्या लेखी सापळा याशिवाय दुसरा काय होतो? चिरक्या आवाजात आणखी एकेक वचन दिलं की तो आणखी एक वीत मागे सरकत होता. मी बघत होतो. बोललो नाही, ते मात्र चुकलं माझं.

पलीकडच्या कुटुंबाचा पिंड त्यानं लगेच शिवला, हे तुला फार लागलं. मीही पाहिलं ते. ती चार माणसं होती. पिंड ठेवून लांब झाडाखाली जाऊन बसली, दोन म्हाताऱ्या तर घाटाकडे पाठ करून. शिवाय सकाळपासून तिथे किती पिंड ठेवले गेले असतील! कावळा काही उपाशीपोटी नंबर लावून बसलेला नसतो. त्याचं पोट भरलेलं असतं. मग उगाच जीव धोक्यात कोण घालेल?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि तू मान खाली घातलीस. रामानं जयंतावर फेकली तीही दर्भाचीच काडी, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवत होतं. नको तेव्हा नको ते आठवतं माणसाला.

आता खरं सांगायचं ते. हे सगळं मला पुस्तकांतून कळलं. काकूंना कसं माहीत होतं, सांग. आपण सातवीत असताना रोज सकाळी त्या नारायण पेठेतल्या गॅलरीत कठड्यावर जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली ठेवायच्या, आदल्या रात्रीच्या पोळीचे तुकडे, कधी दहीभात. ताटली ठेवली की लगेच वळून आत जायच्या. मी एकदा दारात उभा राहून कावळा येतो का बघत होतो. तासभर नाही आला. (तास नसेल, पण मला वाटला.) काकू आतून ओरडल्या, "बाळ्या, आत ये. कुणी तोंडाकडे बघत बसलं की तुला तरी घास उतरतो का?" मी आत गेलो, आणि ताटली वाजली.

दर रविवारी तुमच्याकडे जेवायला बसल्यावर त्या माझ्या पानाकडे बघत नसत, माझ्या लक्षात आलं होतं तेव्हाच. बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष. आमटी वाढायच्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मी किती खाल्लं ते नंतर तुझ्या ताईकडून त्यांना कळायचं म्हणे.

तू खोली रिकामी केलीस त्या दिवशी भंगाराच्या पोत्यात ती ताटली होती. न विचारता उचलून आणली. एका बाजूला चेपलीय. परवा तुझा फोन झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळीचा तुकडा घालून ती आमच्या गॅलरीत ठेवली आणि आत जाऊन पेपर उघडला. चौथा मजला आहे, कावळ्याच्या लेखी नवीन जागा, नवीन ताटली. पहिल्या दिवशी तुकडा वाळून गेला.  आज सकाळी दाढी करताना आवाज आला. मी बाहेर आलो नाही.

ताटली तुला हवी असेल तर दिवाळीत आलास की घेऊन जा. मला ठेवू दिलीस तरी चालेल. वहिनींना नमस्कार सांग. तुमच्या मांजरीला जंताच्या गोळीचा दुसरा डोस द्यायचा राहिलाय, तेवढं विसरू नकोस. गोळी लोण्यात घोळवून दे आणि दिल्यावर तिच्याकडे बघत बसू नकोस.

तुझा,
बाळ्या