पाऊस मागायचीही तिथी

रेहोवोत, इस्राएल
३० ऑक्टोबर २०२५

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

अवकाळीनं छाटणीनंतरच्या बागेची काय गत केली ते दादानं सांगितलं. इथं नेमकं उलटं, परवा रात्रीपासून लोक पाऊस मागायला लागलेत. आप्पा, ज्यू लोकांचं पंचांग कसं असतं म्हणून तुम्ही फोनवर विचारलं होतं, तेव्हा सविस्तर बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र.

परवा हेश्वान महिन्याची सातवी तिथी लागली. इथला पाऊस हिवाळी. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत काय पडेल ते पडेल, मग उन्हाळाभर जवळपास थेंब नाही. सुक्कोत हा त्यांचा खोपींचा सण संपताना सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, पावसाचं स्तवन सुरू होतं, पण 'पाऊस दे' हे उघड मागणं आणखी पंधरा दिवस लांबवतात. कारण ऐका. जेरुसलेमला ज्यूंचं मुख्य मंदिर होतं तेव्हा सुक्कोतच्या यात्रेला दूरदूरचे लोक यायचे. त्यांतला शेवटचा माणूस युफ्रेटिस नदीपाशी कोरड्या वाटेनं पोचेपर्यंत पाऊस मागायचा नाही, असं ठरलेलं. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, यात्रा संपल्या, तिथी मात्र राहिली. (आपल्या वारकऱ्यांना हे सांगू नका, ते भिजतच पंढरपूर गाठतात.) जुन्या ग्रंथात पुढचंही लिहून ठेवलंय. सतराव्या तिथीपर्यंत पाऊस आला नाही तर जाणत्या लोकांनी उपास धरायचे, पुढचा किस्लेव महिना उजाडला तरी नाही तर सगळ्या गावानं.

महिने आपल्यासारखेच, अमावास्येनंतर सुरू होणारे. त्यामुळे पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमाच धरा. यंदा तिश्री महिन्यातला सुक्कोत आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी आला. आमच्या इमारतीत बाल्कनीबाल्कनीतून खोपी उभ्या राहिल्या होत्या. बाजूंना कापड, वर ताडाच्या झावळ्या, त्याही विरळ, कारण आत बसल्यावर चांदण्या दिसायला हव्यात. सात दिवस जेवणखाण तिथंच. ज्यूंचे पूर्वज मिसरातून सुटल्यावर वाळवंटात चाळीस वर्षं भटकले, त्याची ती आठवण. पण मुळात हा सुगीचा सण, धान्य आणि द्राक्षं घरात आल्यानंतरचा.

आता तुमचा खरा प्रश्न, अधिक महिन्याचा. त्यांच्याकडेही तो आहे, १९ वर्षांत सात वेळा. पण आपला अधिक, सूर्याची संक्रांत (राशीबदल) हुकेल त्या महिन्यात येतो, त्यांचा कायम अदारच दुप्पट होतो. कारण अदारनंतर निसान येतो, आणि निसानची पौर्णिमा वसंतातच पडली पाहिजे. त्या दिवशी पेसाह, म्हणजे गुलामीतून सुटकेचा सण. पेसाहच्या दुसऱ्या दिवशी मंदिरात नव्या जवाची पेंढी वाहायची, त्याआधी नवं धान्य तोंडात घालायचं नाही. जवच तयार नसेल तर वाहणार काय? म्हणून पूर्वी जेरुसलेमचे धर्मपंडित हिवाळ्याच्या शेवटी तीन गोष्टी बघायचे: जव कितपत भरलाय, झाडांची फळं कुठवर आलीत आणि सूर्य विषुवावर कधी येणार. तीनपैकी दोन मागे असल्या की महिना वाढवला. हे मला फार आवडलं. पुढे लोक जगभर पांगले, शेत बघून निरोप धाडणं जमेना, तेव्हा गणित पक्कं केलं. त्या पेंढीपासून ४९ दिवस मोजतात आणि पन्नासाव्या दिवशी शावुओत, गव्हाचा सण. किबुत्झमध्ये, म्हणजे इथल्या सामुदायिक शेतीच्या वस्त्यांत, त्या दिवशी ट्रॅक्टर सजवून मिरवतात.

महिन्यांची आजची नावं ज्यूंच्या बाबिलोनमधल्या बंदिवासातून आलेली आहेत. इथल्या गेझेर गावी १९०८ मध्ये तळहातात मावेल असा एक चुनखडीचा तुकडा सापडला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर महिने नुसत्या कामांनी मोजलेत: फळं गोळा करायचे दोन, पेरणीचे दोन, उशिराच्या पेरणीचे दोन, मग जवस उपटायचा, जव कापायचा, पुढे द्राक्षवेलींच्या छाटणीचे दोन. अस्सल तुकडा इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आई, तुझ्यासाठी शेवात महिन्याचं. त्याच्या पौर्णिमेला झाडांचं नवं वर्ष लागतं. बदाम फुललेले असतात, शाळेची मुलं रोपं लावतात. झाडाचं वय याच दिवसापासून धरायचं, आणि पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. गेल्या खेपेला त्या दिवशी अलिबागकडच्या एका बेने इस्राएल (आपल्या कोकणातले मराठी ज्यू) मावशींनी घरी बोलावलं होतं. परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. हा मलिदा, एलियाहू नबीच्या नावानं. मावशी मला वाढता वाढता "लाजू नकोस गं" म्हणाल्या, तेही अगदी कोकणी हेलात.

एक गोष्ट टिपून ठेवा. पुढच्या वर्षी आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यांचा जादा अदार २०२७ मध्ये. त्यामुळे २०२६ चा सुक्कोत भाद्रपद पौर्णिमेलाच येईल, कोजागरी महिनाभर मागे राहील. मग २०२७ च्या चैत्रात दोन्ही पंचांगं पुन्हा जुळतील. पडताळून बघा आणि कळवा.

औषधाच्या फवारण्या करताना तोंडाला फडकं बांधत जा. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुमची,
ताई