गाणी गाळून पिक्चर दाखवता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नागपूरच्या धंतोलीतल्या एका सभागृहात ब्रिटिश गायिका व्हेरा लिनचा ‘वुई विल मीट अगेन’ हा 1943 सालचा इंग्लिश पिक्चर दाखवला. प्रवेश 50 रुपये, नंतर चहा-बिस्कीट. मी सदरहून सायकल हाणत गेलो. पाचला सुरू झालेला पिक्चर सहा वाजून पाच मिनिटांनी संपला आणि दिवे लागले. मूळचा हा जवळपास दीड तासाचा. मधली वीसेक मिनिटं गेली कुठं? लॅपटॉपवर बसलेला पोरगा गाणं आलं की बाण दाबून पुढं सरकवत होता. बाईनं श्वास घेतला, वाद्यं सुरू झाली, की लगेच दुसऱ्याच खोलीत दोन माणसं चहा पिताना दिसायची. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी उठून विचारलं. संयोजक सज्जन माणूस. म्हणाले, “काका, साडेसहाला हॉल रिकामा करून द्यायचा आहे. अन् स्टोरी तर समजली ना?”

आता काय बोलावं! उद्या सौभद्रातली पदं गाळा, नाटक तासाभरात उरकेल, स्टोरीही समजेल.

माझा हा राग उसना नाही, पण निर्मळही नाही. मी 1971 पासून 34 वर्षं टॉकीजमध्ये पिक्चर चालवणारा ऑपरेटर होतो आणि गाणी मीही कापली आहेत. रात्रीचा शो लांबला, मालकाचा निरोप वर आला की काढा एक गाणं. 35 एमएमची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं 360 फूट. कात्री लावायची, पात्यानं फिल्मवरचा मसाला खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड दाबून धरायचा. गाण्याची गुंडाळी खिळ्याला अडकवून वर चिठ्ठी लावायची, कारण रिळांची पेटी परत जाण्याआधी ते जागच्या जागी बसवावं लागे. त्यात एक गोम असते. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीसेक फ्रेम पुढं असते. त्यामुळे कुठंही कापा, पुढच्या माणसाचा एखादा शब्द तुटतोच. थेटरात ‘टप्’ असा आवाज आला की समजावं, वर कोणीतरी पाप केलं. पण त्या पिक्चरांत कथाच तीन तासांची असे, एक गाणं गेलं तरी ती मरत नसे.

व्हेरा लिनच्या पिक्चरात उलटं आहे. तिनं युद्धकाळात मुख्य भूमिका केल्या तीनच: 1943 मध्ये हा आणि ‘ऱ्हिदम सेरेनेड’, 1944 मध्ये ‘वन एक्सायटिंग नाइट’. तिन्हींची कथा एका पोस्टकार्डावर मावेल. पहिल्यात ती नाटक कंपनीतली नाचणारी मुलगी, विमानहल्ल्याच्या वेळी घाबरलेल्या प्रेक्षकांना गाऊन सावरते आणि पुढं रेडिओवर पोचते. दुसऱ्यात ती मास्तरीण, दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्या बायांच्या पोरांसाठी पाळणाघर काढते. तिसरा मला विशेष आवडत नाही, चोरी-अपहरणाचा नुसता गोंधळ. अभिनयही बाईंचा बेतास बात. पण ती गायला लागली की कॅमेरा हलायचं थांबतो, समोरचे लोक खाणं-बोलणं विसरतात. तेवढ्यासाठीच लोक तिकीट काढत होते.

त्या विमानहल्ल्याच्या सीनवर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण तो ऑपरेटरच्या काळजाचा आहे. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारनं सगळी थेटरं बंद केली, आणि काही आठवड्यांतच उघडली. पुढं भोंगा वाजला की पडद्यावर सूचना यायची, ज्यांना जायचं त्यांनी जावं, बाकीच्यांसाठी पिक्चर चालू राहील. बरेच जण बसून राहायचे. वर केबिनमध्ये मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी सरकवत उभा असलेला माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. फिल्म तेव्हा नायट्रेटची, ठिणगी पडली की भडका. बॉम्बची वाट कशाला पाहायची! अशा थेटरात बसून लोकांनी पडद्यावरचं तेच थेटर, तोच भोंगा पाहिला असेल, आणि नेमकं तिथलं गाणं रविवारी आमच्या पोरानं पळवलं.

ही बाई 1917 साली लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एका प्लंबरच्या घरात जन्मली, सात वर्षांची असल्यापासून क्लबांत गायली. ज्या गाण्याचं नाव पिक्चरला दिलं ते तिनं 1939 मध्येच रेकॉर्ड केलं होतं. नोव्हेंबर 1941 पासून बीबीसीवर तिचा कार्यक्रम लागायचा. ती सैनिकांना घरचे निरोप सांगायची, अमक्याला मुलगी झाली म्हणायची, मग गायची. बीबीसीतल्या आणि संसदेतल्या काहींना हे अजिबात रुचलं नाही. असली रडकी गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील, म्हणाले. सैनिकांनी मात्र ते मनावर घेतलं नाही.

1944 मध्ये ती ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत आली. जंगलात, इस्पितळांत, ट्रकवर छोटा पियानो टाकून गायली. त्या चौदाव्या फौजेला तेव्हा विसरलेली फौज म्हणत. तिच्यात आपली माणसं किती होती! त्याच वसंतात मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण लढत होती.

आमचे उस्ताद युद्धकाळात पोरसवदा होते, कामठीच्या छावणीत गोऱ्या सोजिरांना पिक्चर दाखवणाऱ्याच्या हाताखाली राबायचे. ते सांगत, एकदा एका बाईचं गाणं संपलं आणि सोजीर बूट आपटायला लागले. थांबेनात. शेवटी रीळ मागं गुंडाळून तेवढं गाणं पुन्हा चालवावं लागलं. “आपल्या नाटकात वन्स मोअर देतात न बाप्पा, तसंच,” असं उस्ताद म्हणायचे. पिक्चरचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बाई सुंदर नव्हती पण दातांत फट होती, एवढं पक्कं आठवायचं.

कोणी म्हणेल, राज्यकर्त्यांच्या गाण्यांचं आपल्याला काय कौतुक? बरोबर आहे. ऑगस्ट 1942 मध्ये चले जावच्या चळवळीत आष्टी-चिमूरला जे झालं ते आमच्या घरात मोठी माणसं आवाज खाली करून सांगायची. पण 1943 सालीच आपल्याकडे ‘किस्मत’ आला. कवी प्रदीपनी गाण्यात जर्मन-जपानी घातले आणि इंग्रजांना दूर हटायला सांगणारं गाणं इंग्रजांच्याच सेन्सॉरमधून पास करून घेतलं. आता ते गाणं बाण दाबून पळवा अन् सांगा ‘किस्मत’मध्ये काय उरलं! तेव्हा सरकारनं पिक्चरची लांबी 11 हजार फुटांवर आणली होती, कच्ची फिल्म मिळत नव्हती म्हणून. दोन तास आणि दोन मिनिटं. तरी पिक्चरांत गाणी राहिलीच.

संयोजकांवर माझा व्यक्तिगत रोष नाही, नाव मुद्दामच लिहीत नाही. असले पिक्चर नागपुरात दुसरं कोणी दाखवतही नाही. पुढच्या महिन्यात ‘ऱ्हिदम सेरेनेड’ आहे असं फळ्यावर लिहिलं होतं. हॉल दोन तासांचा घ्या. जास्तीच्या भाड्यात माझे 200 रुपये धरा. आणि त्या दिवशी लॅपटॉपजवळची खुर्ची मला द्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण बाणाच्या बटणावर हात ठेवून बसायला कळावं लागत नाही.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
सदर, नागपूर